मावळा, ठकी आणि ऑप्टिमस प्राइम

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा.

खेळणं आधी की गोष्ट आधी, हा प्रश्न ऐकायला कोंबडी-अंड्यासारखा वाटतो. पण कोंबडी-अंड्याचं उत्तर कुणाला देता येत नाही, याचं देता येतं, अगदी सालासकट. आणि ते उत्तर दिलं की आपल्या घरातल्या खर्चाचा, मुलांच्या हट्टाचा आणि सरकारी नियमातल्या एका भोकाचा संबंध लागतो. म्हणून लिहितेय.

सुट्टी लागली की मुलांना घेऊन आपण जे कार्टून सिनेमे बघायला जातो, त्यातले कितीतरी मुळात खेळण्यावरून निघालेले असतात. 'द लेगो मूव्ही', ट्रान्सफॉर्मर्स, माय लिटल पोनी, ट्रोल्स ही सगळी तीच जात. 'पॉ पेट्रोल'मधली ती टोपी घातलेली कुत्र्याची पिल्लं माहीत असतील. ती मालिका स्पिन मास्टर नावाच्या कॅनडातल्या खेळणी-कंपनीनंच उभी केली. म्हणजे दुकानातलं फळकूट आधी आणि पडदा नंतर. आपण तिकीट काढून जे बघतो ती एक गोष्ट असते हे खरं, आणि ती दीड तासाची जाहिरात असते हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हीच तर गंमत आहे आणि हीच भानगड.

आपल्याकडे हा क्रम असा नव्हता. मी मुळशी तालुक्यातली. पौडला वाढले, आता भूगावात राहते. बाहेरच्यांना मुळशी म्हटलं की धरण आठवतं, लवासा आठवतं, आणि २०१८ नंतर तो सिनेमा आठवतो. मला विचाराल तर या तालुक्याची जगाला सगळ्यात जुनी देणगी म्हणजे मावळा. बारा मावळांतलं पौड खोरं आणि मुठे खोरं आमचं. आणि मावळा म्हणजे महाराष्ट्रातल्या पोरांचं सगळ्यात खपाचं खेळणं, हे कधी लक्षात आलंय का तुमच्या? दिवाळीच्या आधी पुण्यात कसब्याजवळ कुंभारवाड्यात जा. सिंहासनावरचे महाराज, भालदार, तोफा, ढाल-तलवारवाले मावळे, डोक्यावर घडा घेतलेली गवळण, वासुदेव, एखादा वाघ. सगळे रांगेत उभे. घरी आणले की दगड, विटा, बारदान आणि लाल माती यांच्या किल्ल्यावर चढतात. उतारावर अळीव पेरलेला असतो. प्रमाणाचं भान कुणालाच नसतं. मावळा महादरवाज्यापेक्षा उंच, आणि वाघ विहिरीएवढा.

इथे गोष्ट आधी आली. तीनशे साडेतीनशे वर्षं आधी. पोवाड्यात, बखरीत, आजीच्या तोंडी मुरली. मग कुंभारानं साचा केला. त्या साच्यावर कुणाची मालकी नाही. या गल्लीतल्या कुंभारानं केलेला मावळा त्या गल्लीतल्यानं उचलला तरी कुणी कोर्टात जात नाही. आणि मूर्तीच्या पाठीवर तिचं नाव, तिची ताकद, तिचा शत्रू कोण, हे छापलेलं नसतं. तो तानाजी की येसाजी की नुसताच पहारेकरी, हे पोरानं ठरवायचं.

एक अवांतर. आमच्याच तालुक्यात कोरीगड आहे, घनगड आहे, कैलासगड आहे. पण आमची पोरं दरवर्षी रायगड नाहीतर प्रतापगडच करतात. घनगड करा म्हटलं तर म्हणतात, कोण ओळखणार? असो.

दुसरं जुनं खेळणं ठकी. लाकडाची, चपटी, रंगवलेली बाहुली. सावंतवाडीला चितारआळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि रंगीत फळं होतात, ती बघितली असतीलच. ठकीला तर गोष्टच नाही! ती कोण, कुठली, काही नाही. म्हणूनच तिचं लग्न लावता येतं, तिला ताप आणता येतो, तिला शाळेत घालता येतं, माहेरी पाठवता येतं. भातुकलीत ठकी सासू पण व्हायची आणि सूनही. ज्या खेळण्याला गोष्ट नाही, त्याला पोर गोष्ट देतं. हा साधा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सिनेमाकडे येऊ. हिंदुस्थानातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट एका मराठी माणसानं काढला. दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' १९१३चा, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्याच्या आधी, १९१२ साली, फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. दाणा पेरला आणि थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेत राहिले. पडद्यावर बघताना कोंब सरसरून वर येतो. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला हा प्रयोग कामी आला. हा गृहस्थ जादूचे प्रयोगही करत असे, आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावानं. त्यामुळे असलं काहीतरी त्याला सुचणारच.

मग १९१५. महायुद्ध चालू, पैशाची ओढाताण, कच्ची फिल्म मिळायची मारामार. तेव्हा फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' काढली. नट नाही, सेट नाही, कपडेपट नाही. काडेपेटीतल्या काड्या. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचं. काडी केसभर सरकवायची, दुसरं चित्र घ्यायचं. त्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चित्रं पळायची. म्हणजे एका मिनिटाच्या मौजेसाठी काड्या जवळजवळ हजार वेळा हलवायच्या. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली काड्यांवर असाच सिनेमा केला होता, पण आपल्याकडे हे नवीनच. फाळक्यांच्या त्या फिल्मची प्रत आज उरलेली नाही.

मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या अॅनिमेशनचा पहिला नायक म्हणजे काडेपेटीतली काडी. कोणाच्या मालकीची नाही, दुकानात वेगळी विकत मिळत नाही, सिनेमा बघून घरी आलेलं पोर चुलीशेजारची काडेपेटी घेऊन तोच खेळ मांडू शकत होतं. (आयांनी धपाटे घातले असतील, ती गोष्ट वेगळी.)

पुढचं नाव आपल्या पुण्याचं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ला कोल्हापुरात निघाली आणि १९३३ला पुण्यात आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ती जागा प्रभातचीच. १९३४ साली, 'अमृतमंथन'च्याच वर्षी, प्रभातनं 'जंबू काका' नावाचं व्यंगचित्रपटाचं प्रकरण करून बघितलं. जंबू काका म्हणजे कोल्होबा. पंचतंत्रात, इसापात, आजीच्या गोष्टीत भेटणारा तोच. इथेही गोष्टीतलं पात्र जुनं, सगळ्यांचं. तो प्रयोग पुढे चालला नाही. हजारो चित्रं हातानं काढायची म्हणजे माणसं लागतात, पगार लागतात, आणि दहा मिनिटांच्या फिल्मला तिकीट कोण काढणार?

म्हणून मग सरकार आलं. फिल्म्स डिव्हिजननं १९५६च्या सुमारास मुंबईत कार्टून विभाग काढला. डिस्नेच्या स्टुडिओत 'बँबी'सारख्या सिनेमांवर काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांचा जन्म हिंदुस्थानातलाच, आईवडील मिशनरी. त्या शाळेतून १९५७ला 'द बॅनियन डिअर' निघाला, जातककथेवरचा. राम मोहन यांच्यासारखा माणूस तिथेच तयार झाला. आणि १९७४ साली विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता', ज्यात भीमसैन आणि राम मोहन यांचं काम आहे. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या कुठल्याही माणसाला याचं नाव सांगा, चेहरा बदलतो. शिकाऱ्याचं जाळं घेऊन उडणारे पक्षी. सात-आठ मिनिटांचा ऐवज. त्या पक्ष्यांचं खेळणं कुठल्याही दुकानात मिळालं नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही.

मुलांच्या सिनेमासाठी बालचित्र समिती १९५५ला निघाली होती. चांगले सिनेमे काढले, पण ते थिएटरला लागायचे नाहीत. शाळेत प्रोजेक्टर आला तर बघायचे. २०२२ला ही समिती आणि फिल्म्स डिव्हिजन दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या. मुलांच्या सिनेमाचं स्वतःचं असं सरकारी दुकान बंदच झालं म्हणा. त्यावर मोर्चा सोडा, एक हॅशटॅगही फार चालला नाही.

आता अमेरिकेत काय घडलं ते बघू, कारण क्रम तिथे उलटा झाला.

१९६९ साली मॅटेल कंपनीच्या हॉट व्हील्स गाड्यांवर एबीसी वाहिनीवर कार्टून मालिका सुरू झाली. दुसऱ्या एका खेळणी-कंपनीनं तक्रार केली की ही मालिका नाही, ही जाहिरात आहे. दळणवळण आयोगानं ते बऱ्यापैकी मान्य केलं आणि वाहिन्यांना सांगितलं की यातला काही भाग जाहिरातीच्या वेळेत धरा. झालं, पुढची दहा-बारा वर्षं कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही. गंमत म्हणजे हे भांडण मुलांच्या भल्यासाठी सुरू झालं नव्हतं. एका धंदेवाल्याला दुसऱ्याचं फुकट काही मिळालेलं बघवलं नाही इतकंच. कायदे पुष्कळदा असेच जन्मतात.

मधेच १९७७ला 'स्टार वॉर्स' आला. तिथे सिनेमा आधी, खेळणी नंतर. खेळण्यांना इतकी मागणी की नाताळपर्यंत माल तयार होईना. तर केनर कंपनीनं पुठ्ठ्याचं रिकामं पाकीट विकलं, आत एक प्रमाणपत्र, की बाबा खेळणी मागाहून पोस्टानं येतील. लोकांनी ते घेतलं! हे बघून खेळणीवाल्यांचे डोळे उघडले. गोष्ट असेल तर रिकामं पाकीटही खपतं. मग गोष्ट दुसऱ्याची कशाला, आपणच करू.

१९८० नंतर रेगन यांचं राज्य आलं आणि आयोगाचे अध्यक्ष झाले मार्क फाउलर. टीव्ही हे घरातल्या टोस्टरसारखंच एक यंत्र आहे, त्याला वेगळे नियम कशाला, या विचाराचा माणूस. १९८४ला मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची मर्यादा उठली. दार आधीच किलकिलं होतं, ते सताड उघडलं. ही-मॅनचं खेळणं १९८२चं, मालिका १९८३ची. ट्रान्सफॉर्मर्सची कथा तर अजून भारी आहे. जपानच्या ताकारा कंपनीकडे गाडीचा रोबो होणारी खेळणी होती. हॅस्ब्रोनं ती अमेरिकेत आणली. पण या रोबोंना ना नाव ना गाव. मग मार्वल कॉमिक्सवाल्यांना काम दिलं. बॉब बुडियान्स्की नावाच्या लेखक-संपादकानं एकेकाची नावं आणि स्वभाव लिहून काढले. ते खोक्याच्या पाठीवर छापले, सोबत आकडे. ताकद इतकी, बुद्धी इतकी, वेग इतका.

म्हणजे ठकीच्या बरोबर उलट. पोराच्या हातात खेळणं पडायच्या आधी त्याची कुंडली मांडून झालेली. आता दोन पोरं खेळायला बसली की भांडण काय, तर तुझ्याची ताकद आठ आणि माझ्याची नऊ. खोक्यावर लिहिलंय, बघ.

आणि मग १९८६चा ऑगस्ट. 'द ट्रान्सफॉर्मर्स: द मूव्ही'. थिएटरात लागलेला अॅनिमेशनपट, चित्रं काढली जपानच्या तोएई स्टुडिओत. कुटुंबानं मिळून बघायचा साहसपट म्हणून आयाबाप पोरांना घेऊन गेले. पहिल्या अर्ध्या तासात मुलांच्या डोळ्यांदेखत एकेक जुना रोबो मारला गेला, आणि मग खुद्द ऑप्टिमस प्राइम. नायक, बापासारखा. तो काळाठिक्कर पडतो आणि मरतो. थिएटरात पोरं हमसून रडली. का मारला? कथेची गरज? नाही. दुकानात त्या वर्षी नवी खेळणी येणार होती. जुनी खेळणी फडताळावरून काढायची होती. पडद्यावरचा मृत्यू हा गोदामातला माल बदलण्याचा कार्यक्रम होता. लिहिणाऱ्यांनी नंतर हे मोकळेपणानं सांगितलं आहे.

पुढचं अजून बोलकं आहे. पालकांच्या आणि पोरांच्या तक्रारी इतक्या आल्या की त्याच कंपनीच्या जी. आय. जोच्या सिनेमात ड्यूक नावाचा नायक मरणार होता, त्याला एका वाक्यात बेशुद्धीत ढकलून वाचवला. आणि १९८७ला मालिकेत ऑप्टिमस प्राइमही परत आला. मला यातलं महत्त्वाचं काय वाटतं सांगू? पोरांनी त्या प्लॅस्टिकवर जीव लावला होता. कंपनीला ते माल वाटत होतं, पोरांना माणूस वाटत होतं. कंपनीचा हिशेब तिथे चुकला. म्हणजे अगदी विक्रीसाठी रचलेल्या गोष्टीतही पोरं आपला खरेपणा घालतातच. म्हणून मी 'हे सगळं विष आहे, घरात आणू नका' वगैरे म्हणणाऱ्यांतली नाही.

अमेरिकेत १९९०ला बालदूरचित्रवाणी कायदा आला. शनिवार-रविवारी तासाला साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा मिनिटं जाहिरात, इतकी मर्यादा परत घातली. पण खेळण्यावरची मालिका हीच जाहिरात, हे काही मानलं नाही. त्या मालिकेच्या मधेच त्याच खेळण्याची जाहिरात दाखवलीत तर मात्र गुन्हा. इतकी बारीक फट ठेवून सगळा धंदा सुखरूप राहिला.

आपल्याकडे हे सगळं दूरदर्शनच्या खिडकीतून आलं. ही-मॅन लागायचा, आठवतो ना? १९८७ला एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल काढली, गोव्यात कारखाना टाकला. जी. आय. जो आपल्याकडे बनायला लागले. लिओ कंपनी मॅटेलची खेळणी काढायची. पौडला आमच्या वर्गात एकाचा मामा पुण्याला होता, त्यानं त्याला ही-मॅन आणून दिला. एकच. तो ही-मॅन आठवडाभर वर्गात फिरला. आमच्याकडे बाकीची पात्रं नव्हती, त्यामुळे स्केलेटॉर कोण, तर कुंभारवाड्यातला हात तुटलेला मावळा. मालिका कुणी नीट पाहिली नव्हती, कारण टीव्ही ज्यांच्याकडे होता त्यांच्या दारात बसायला जागा मिळेल तर. म्हणून गोष्ट आमचीच होती. ही-मॅन कोरीगडावर चढला होता, एवढं मला पक्कं आठवतं.

नंतरचं पटकन सांगते, कारण ते सगळ्यांनी बघितलंय. २००५ला व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान' थिएटरात चालला आणि हिंदुस्थानी अॅनिमेशनला तिकीटबारी आहे हे सिद्ध झालं. २००८ला हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा 'छोटा भीम' आला. त्यांनी दप्तरं, डबे, मुखवटे, बाहुल्या आणि स्वतःची दुकानंही काढली, २०१२ला थिएटरात सिनेमा आणला. इथे गोष्ट आधी होती, पण मालाचं गणित अमेरिकेचं. मराठीत २०१८ला 'प्रभो शिवाजी राजा' हा अॅनिमेशनपट आला. मावळा पडद्यावर गेला. मात्र दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा अजून कुंभारवाड्यातलाच आहे, आणि माझ्या मते ते बरंच आहे.

आता मुद्द्याचं.

गेल्या काही वर्षांत सरकारनं खेळण्यांकडे बरंच लक्ष दिलं. २०२०च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचा कर २० टक्क्यांवरून ६० टक्के केला, २०२३ला ७०. १ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह सक्तीचं झालं. शिसं किती, टोक किती अणकुचीदार, गिळता येण्याएवढा तुकडा सुटतो का, हे तपासायचं. चांगलंच आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट दिली, तीही योग्य, नाहीतर चितारआळीतल्या माणसानं प्रयोगशाळेची फी कुठून भरली असती?

पण हे सगळे नियम खेळण्याच्या अंगाचे आहेत. प्लॅस्टिकचे, रंगाचे, टोकाचे. खेळण्याच्या गोष्टीला कुणी हात लावलेला नाही. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की जाहिरात ही कार्यक्रमापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. तासाला बारा मिनिटांची मर्यादाही आहे. आता मला सांगा, जिथे कार्यक्रमच जाहिरात आहे, तिथे काय कशापासून वेगळं ओळखायचं? जून २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मुलांसाठी वेगळा भाग आहे. मुलांच्या अननुभवाचा, भोळेपणाचा फायदा घेऊ नका, आईबापांकडे हट्ट धर असं थेट सांगू नका, असं त्यात आहे. वाचून बरं वाटतं. पण रोख सगळा जाहिरातीवर. दीड तासाचा सिनेमा किंवा दोनशे भागांची मालिका ही त्या व्याख्येत बसते का, यावर तिथे काही नाही. सिनेमाला आता यूए ७+, १३+, १६+ अशी वयाची वर्गवारी आली, २०२३च्या दुरुस्तीनं. हाणामारी किती, भाषा कशी, हे त्यात बघतात. यातलं प्रत्येक पात्र बाहेरच्या दुकानात टांगलेलं आहे, ही माहिती त्यात नाही.

बंदी घाला असं मी म्हणत नाही. 'लेगो मूव्ही' मी स्वतः भाच्याबरोबर बघितला आणि मला आवडला. त्यात एक बाप आहे, जो ठोकळे डिंकानं कायमचे चिकटवायला निघालाय, कारण खोक्यावरच्या चित्राप्रमाणेच ते राहिले पाहिजेत. आणि पोराला ते मोडून स्वतःचं काहीतरी करायचंय. सिनेमा पोराच्या बाजूनं आहे. हा सिनेमा जगभरात ४५ कोटी डॉलरच्या वर धंदा करून गेला, आणि खोक्यावरचं चित्र झुगारा असं सांगत सांगत त्यानं पुष्कळ खोकी विकली. विनोद म्हणा, हुशारी म्हणा. पण त्यातला विचार खरा आहे.

त्याच भाच्यानं मागच्या दिवाळीत सोसायटीतल्या किल्ल्याच्या चोरदरवाज्यावर एक रोबो उभा केला. परीक्षक काकांनी मार्क कापले, इतिहासाशी विसंगत म्हणून. भाचा मला म्हणाला, "मावशी, अगं तो गडावरचा नाहीच. तो वाट चुकलाय. मावळ्यांनी त्याला भाकरी देऊन दिवाळीपुरता ठेवून घेतलाय." मी काकांशी वाद घातला, हरले. माझं म्हणणं एवढंच होतं की खोक्यावरची कुंडली फाडून पोरानं त्याला आपल्या गोष्टीत घेतला, याला जास्त मार्क हवेत. काका म्हणाले, ताई, उद्या अफजलखानाच्या शामियान्यात डायनासोर येईल. येऊ दे की!

दुसरी बाजू पोटापाण्याची. हिंजवडी आमच्याच तालुक्यात. पुण्या-मुंबईत अॅनिमेशन आणि व्हीएफएक्सचं काम करणारी पोरं कितीतरी आहेत, आमच्या खोऱ्यातलीही आहेत. त्यातलं बरंचसं काम बाहेरच्यांसाठी. पात्र त्यांचं, गोष्ट त्यांची, हक्क त्यांचे, आपण फ्रेमा भरून द्यायच्या. तासावर पैसे. काम सन्मानाचं आहे, पण पात्र ज्याच्या मालकीचं तोच चाळीस वर्षं खातो. ऑप्टिमस प्राइम १९८४चा, २०२४ला त्याच्यावर परत अॅनिमेशनपट आला. त्याची चित्रं काढणाऱ्या तोएईतल्या माणसांचा पगार मात्र त्या त्या महिन्यालाच संपला असणार. २०२५च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळानं अॅनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग वगैरेसाठी ३,२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं. आकडा मोठा आहे. त्यातून जागा आणि यंत्रं येतील, ती यावीतच. पण इथल्या माणसांच्या मालकीची किती पात्रं उभी राहतील, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारायला काय हरकत आहे?

कारण गोष्टींचा तुटवडा नाही. १९२१ला याच तालुक्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. बापट त्यातूनच सेनापती झाले. बायाबापड्या बांधावर जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. गावंच्या गावं पाण्याखाली गेली. यात साहस आहे, कुटुंबं आहेत, खलनायक कोण यावर वाद घालायला भरपूर जागा आहे. आमच्या शाळेतल्या पोरांना यातलं एक नावही सांगता येत नाही. उद्या एखाद्या पोरीनं हिंजवडीतल्या नोकरीतून वेळ काढून यावर दहा मिनिटांची फिल्म केली, आणि कुंभारवाड्यातल्या कुणी डोक्यावर पाटी घेतलेली सत्याग्रहीण साच्यातून काढली, तर किल्ल्याशेजारी एक तळंही करता येईल.

तूर्तास मी एक साधं काम केलंय. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पत्र टाकलंय. मागणी दोन ओळींची. ज्या मुलांच्या सिनेमा-मालिकेतली पात्रं आधी विक्रीची खेळणी म्हणून नोंदलेली आहेत, तिच्या सुरुवातीला तसं मोठ्या अक्षरांत, मराठीत दाखवलं तर मराठीत, लिहावं. आणि तिच्या मधे व तिच्या लगेच आधी-नंतर त्याच खेळण्यांची जाहिरात नको. दुसरी मागणी अमेरिकेत १९९०पासून पाळतात, म्हणजे काही आभाळातली नाही. पत्राचा मजकूर हवा असेल त्यांनी खाली सांगा, पाठवते. उत्तर आलं की इथेच टाकेन.